छातीचा फोटो

परवा पावसाळ्याआधीची आवराआवर काढली आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली उतरवून घेतली. (आमची आवराआवर म्हणजे या पेटीतले त्या पेटीत, हे घरच्या मंडळींना ठाऊकच आहे!) शेताच्या जुन्या पावत्या, माझी बी.ए.ची गुणपत्रिका आणि तळाशी एक मोठे खाकी पाकीट. त्यात दोन वस्तू. एक एक्स-रेची फिल्म, १९६७ साली नागपूरच्या मेडिकलमध्ये काढलेली, माझ्या मोठ्या भावाची, दादाची. दुसरी एक सीडी, २०२१ साली नागपूरलाच निघालेल्या माझ्या हृदयाच्या एमआरआयची. दोन्ही एका पाकिटात मीच ठेवल्या होत्या. का ठेवल्या ते आज सांगते. थोडा घरचा इतिहास आहे, थोडा जगाचा. सवड असेल तर चहा घेऊनच बसा.

या फिल्मने आमच्या घरात एकदा भलतेच काम केले होते. १६ फेब्रुवारी १९८० ला मोठे सूर्यग्रहण झाले. खग्रास पट्टा आपल्या दक्षिणेकडून गेला, पण आमच्याकडेही दुपारी चांगलेच अंधारून आले होते. कोणीतरी सांगितले की एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण दिसते. झाले! घरातल्या पोरांनी पेटीतून दादाची फिल्म काढली आणि अंगणात त्याच्या छातीतून सूर्य पाहत बसली. (असे मुळीच करू नये, डोळ्यांना अपाय होतो. तेव्हा आम्हा शिक्षकांनाही हे नीट माहीत नव्हते.) बाबांनी ते पाहिले, फिल्म पोरांच्या हातून काढून घेतली आणि घरात गेले. बोलले काहीच नाही. त्या रात्री जेवलेही नाहीत.

आता दादाची गोष्ट.

१९६५ साली तो नागपुरात एम्प्रेस मिलमध्ये बदली कामगार होता. वय २१. पेरणीच्या दिवसांत अचानक घरी आला. अंगात ताप आणि सांधे असे धरलेले की एसटीतून उतरताना कंडक्टरने हात दिला. पंधरवड्यात तोच ताप मला आला, मग आईला. अंगावर पुरळ, मनगटे आणि घोटे सुजलेले. गावात त्याला हाडमोड्या ताप म्हणत. आई आणि मी आठ-दहा दिवसांत उठलो. दादाही उठला, पण पहिल्यासारखा झाला नाही. विहिरीवरून दोन बादल्या आणल्या की ओट्यावर बसायचा. रात्री भिंतीला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायचा. छातीत धडधडते म्हणायचा. एका डॉक्टरांनी नाडी पाहिली, नळी लावून छाती ऐकली आणि सांगितले, ताप गेला आहे, हे आता मनाचे दुखणे. कामाला लावा, बरा होईल.

बाबांनी कामाला लावले. डवरणी, निंदण, पाणी. “काय पडून रायला बे, कोढी झाला का?” हे बाबांचे रोजचे वाक्य. आणि मी? मी चौदा वर्षांची, वर्गात पहिली येणारी, शिष्ट. शाळेत ‘आळस’ या विषयावर निबंध लिहिला होता, त्याला दहापैकी नऊ गुण मिळाले होते. तो मी दादाला ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवला. तो हसला. “चांगला लिवला,” म्हणाला.

१९६७ च्या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले तेव्हा त्याला नागपूरला नेले. तिथे ही फिल्म निघाली. मेडिकलच्या डॉक्टरांनी ती उजेडापुढे धरून बाबांना दाखवली. मोठ्या माणसाच्या हृदयाची सावली छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी असावी असा साधा हिशेब असतो. दादाची सावली जवळजवळ दोन तृतीयांश होती. हृदय वाढले आहे, असे ते म्हणाले. आईने घरी येऊन शेजारणीला सांगितले, “माझ्या लेकाचं काळीजच मोठं हाय.” गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. पण फार उशीर झाला होता. दिवाळीनंतर दादा गेला. २३ वर्षांचा होता.

तापानंतर हृदय मागे लागते, हे जगाला अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. हृदयाच्या स्नायूला सूज येते, या दुखण्याला ‘मायोकार्डायटिस’ हे नाव जर्मनीत सोबर्नहाइम नावाच्या डॉक्टरांनी १८३७ मध्येच दिले होते. पण सूज आली हे जिवंत माणसात पाहायचे कसे? १८१६ पासून स्टेथोस्कोप होता, त्यातून फक्त ऐकू येई. मग सगळा कारभार अंदाजाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धात डॉ. डा कोस्टा यांच्याकडे असे शेकडो शिपाई आले, ज्यांना धडधड, धाप, छातीत दुखणे, पण तपासले तर हृदयात काही सापडत नाही. त्यांतल्या पुष्कळांना आधी ताप किंवा जुलाब होऊन गेले होते. १८७१ मध्ये त्यांनी यावर मोठा लेख लिहिला.

पहिल्या महायुद्धात तेच इंग्रजांच्या वाट्याला आले. शिपाई खंदकातला ताप काढून परत येत आणि कवायतीला उभे राहिले की धापा टाकत. आधी त्या सगळ्यांना महिनोन्‌महिने खाटेवर पडून ठेवले जाई. सर थॉमस लुइस यांना ते पटले नाही. (कार्डिओग्रामचे यंत्र काढले आइंथोव्हेन यांनी, रोजच्या दवाखान्यात ते वापरायला शिकवले ते या लुइस यांनी.) लुइस यांनी शिपायांना हळूहळू वाढत जाणारी कवायत दिली आणि पुष्कळजण सुधारले. १९१८ साली त्यांचे यावरचे पुस्तक आले. म्हणजे पडून राहिल्याने ही माणसे बिघडत होती आणि चालवल्याने सुधारत होती!

हे वाचले तेव्हा मला क्षणभर आमच्या गावच्या त्या डॉक्टरांचे म्हणणे खरे वाटले. कामाला लावा म्हणजे बरा होईल, हे त्यांनी हवेतून काढले नव्हते. त्यामागे एका मोठ्या माणसाचा अनुभव होता. पण लुइस यांच्या शिपायांपैकी बहुतेकांच्या हृदयाचा स्नायू शाबूत होता. ज्याच्या स्नायूलाच सूज आहे त्याला जड काम म्हणजे विष. आजही मायोकार्डायटिस झालेल्या खेळाडूला काही काळ मैदानावर जाऊ देत नाहीत. तक्रार दोघांची एकच, धडधड आणि धाप. एकाला चालवायचे, दुसऱ्याला बसवायचे. कोण कुठला हे ओळखायचे कसे, याच प्रश्नावर पुढची शंभर वर्षे गेली.

१९१८ वरून आठवले. आमची आजी त्या सालच्या साथीला मानमोडी म्हणायची. जूनमध्ये ती मुंबईच्या गोदीतून शिरली आणि पावसाळा सरताना दुसऱ्या लाटेत रेल्वेने देशभर गेली. मध्य प्रांत आणि आपला वऱ्हाड यांचा मृत्यूंच्या प्रमाणात देशात वरचा क्रमांक होता. १९११ ते १९२१ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी कमी झाली, ते मुख्यतः या साथीमुळे. आजी सांगायची की जे वाचले त्यांच्यातही काहीजण वर्षभर ‘काचके’च राहिले, पुढे कधी नांगर धरला नाही. त्यांची कुठे मोजदाद नाही. मेलेल्यांची निदान जनगणनेत झाली.

आता एक्स-रेबद्दल. रोंटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले आणि हृदय पहिल्यांदा न कापता दिसू लागले. पण दिसू लागले म्हणजे काय, तर सावली. पडद्यावरच्या बाहुलीची सावली मोठी आहे की लहान ते कळते, बाहुलीच्या पोटात काय आहे ते कळत नाही. दादाचे हृदय वाढले होते, पण कशाने? त्या काळी आपल्याकडे तरुण माणसाचे हृदय बिघडले की पहिला संशय सांधेवाताच्या तापावर जाई. लहानपणी घसा धरतो, मग सांधे सुजतात, आणि काही वर्षांनी हृदयाच्या झडपा आखडतात. दादालाही सांधे आधी, हृदय नंतर! नागपूरच्या डॉक्टरांनीही पाकिटावर तीच शंका पेन्सिलने लिहिली होती, पुढे प्रश्नचिन्ह करून. त्या प्रश्नचिन्हाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. झडप बिघडली की स्नायू, हे त्यांच्या हातातल्या साधनांनी खात्रीने सांगता येत नव्हते.

हे सांगणारे यंत्र तोवर जगात जन्मले मात्र होते. त्याची कथा मला फार आवडते.

स्वीडनमध्ये लुंड नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे इंगे एडलर हे हृदयाचे डॉक्टर होते आणि त्यांच्यापुढे नेमका सांधेवाताच्या रोग्यांचा प्रश्न होता. झडप आखडली असेल तर शस्त्रक्रिया करून उपयोग, गळत असेल तर तीच शस्त्रक्रिया घातक. बाहेरून ओळखायचे कसे? त्यांची गाठ कार्ल हेल्मुट हर्ट्झ या पदार्थविज्ञानाच्या तरुण संशोधकाशी पडली. (रेडिओच्या लहरी शोधणारे हाइनरिख हर्ट्झ, त्यांच्या घराण्यातलाच हा. वडील गुस्ताव्ह हर्ट्झ यांना नोबेल मिळालेले.) हर्ट्झ यांना ठाऊक होते की माल्मो बंदरातल्या जहाजाच्या कारखान्यात पोलादाच्या पत्र्यातली भेग शोधायला ऐकू न येणारा आवाज वापरतात. आवाज आत सोडायचा, जिथे भेग तिथून तो परत येतो. त्यांनी तसले यंत्र मिळवले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी माणसाच्या छातीवर लावून हृदयाचा प्रतिध्वनी नोंदवला. जहाजाचे यंत्र माणसाच्या काळजाला लागू पडले!

कागदावर उमटल्या त्या नुसत्या वळवळत्या रेघा. पुढे १९७० च्या दशकात त्या रेघांचे हलते चित्र झाले, मग डॉपलर तंत्राने रक्त कुठून कुठे वाहते ते दिसू लागले, १९८० च्या दशकात त्यात लाल-निळा रंगही आला. तेच आपण आज ‘टूडी इको’ म्हणतो. छातीला गार चिकट जेली लावतात, कारण मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही. आपल्या शरीरात तो सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातो. गेला कधी, परतला कधी, यावरून यंत्र अंतर मोजते. दगड टाकून विहिरीची खोली ओळखतो ना, तसेच. झडप आखडली आहे की उघडते आहे, भिंत किती जोराने आक्रसते आहे, हे त्यात उघड दिसते. दादाला १९६७ साली इको मिळाला असता तर पेन्सिलीचे ते प्रश्नचिन्ह पाच मिनिटांत पुसले गेले असते.

आणि दादाचा तो ताप? १९६५ साली नागपुरात चिकनगुन्याची मोठी साथ होती, हे मला फार पुढे, २००६ मध्ये कळले. त्या वर्षी चिकनगुन्या तीन दशकांहून जास्त काळाने देशात परतला होता (महाराष्ट्रातली आधीची साथ १९७३ ची, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची) आणि देशभर १३ लाखांहून जास्त संशयित रुग्ण झाले. आमच्याकडे लोकांना वाटले कोंबडी खाल्ल्याने होतो. नावात चिकन, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू झालेला, मग काय! खरे तर तो शब्द आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतला आहे, वाकून जाणे अशा अर्थाचा. वर्तमानपत्रात जुन्या साथींची यादी वाचताना ‘नागपूर, १९६५’ असे दिसले आणि माझ्या हातातला पेपर तसाच राहिला. ओट्यावर उतरणारा, कंबरेत वाकलेला दादा दिसला.

डेंग्यू आणि चिकनगुन्या हृदयाला लागू शकतात हे आपल्या शेजारच्या श्रीलंकेतल्या ओबेसेकेरे आणि हर्मन या दोन डॉक्टरांनी १९७२ साली ब्रिटनच्या हृदयरोगाच्या मासिकात लिहिले होते. ताप उतरून गेल्यावरही धडधड, धाप, छातीत दुखणे मागे राहिलेले त्यांचे रोगी होते. पश्चिमेत यासाठी मुख्यतः कॉक्सॅकी विषाणूला धरत. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉक्सॅकी या गावच्या मुलांत तो १९४८ मध्ये सापडला म्हणून ते नाव. डासाच्या तापाचे हृदय हा आपल्याकडचा विषय, तो आपल्याकडच्यांनीच पाहिला याचे मला बरे वाटले. दादाला जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

मग माझी पाळी. एप्रिल २०२१, कोरोनाची दुसरी लाट. आपला यवतमाळ जिल्हा २०२० च्या मार्चपासूनच या यादीत होता, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळची नावे रोज बातम्यांत. मला घरीच झाला. बोटाला ऑक्सिमीटर लावून पंधरा दिवस काढले, उठले, देवाला हात जोडले. जूनमध्ये देवघरातून स्वयंपाकघरात जाताना छातीत पाखरू फडफडल्यासारखे होऊ लागले. ओट्याच्या तीन पायऱ्या चढले की खांब धरावा लागे. एका डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, तो ठीक. म्हणाले, “बाई, वय झालं, त्यात कोरोनाचं टेन्शन. भजन-कीर्तनात मन रमवा.” मी घरी आले आणि खरोखरच महिनाभर स्वतःलाच आळशी म्हणत राहिले. उठायचे, झाडायला घ्यायचे, बसायचे. एक दिवस झाडू हातात घेऊन ओट्यावर बसले असताना लक्षात आले, की मी बसले आहे ती दादाची जागा.

दुसऱ्याच दिवशी मुलाला पुण्याला फोन केला. आठवड्यात यवतमाळला इको झाला. निरोगी हृदय भरलेल्या रक्तापैकी ५५ ते ७० टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर लोटते. माझे ४२. झडपा ठीक होत्या, भिंत सुस्त होती. गोळ्या सुरू झाल्या. भारी कामे बंद. बादली उचलायची नाही, जिना शक्यतो नाही. आणि कारण कळावे म्हणून नागपूरला एमआरआय.

एमआरआयचे चुंबक दीड टेस्लाचे असते, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. बांगड्या, मंगळसूत्र, केसातल्या आकड्यासुद्धा काढून ठेवल्या. आधी मूत्रपिंडाची रक्ततपासणी, कारण गॅडोलिनियम नावाचे औषध शिरेतून देतात. मग पाऊण तास त्या बोगद्यात. “श्वास घ्या, सोडा, थांबा.” बाहेर कोणी लोहार घण मारतो आहे असा आवाज. मी मनात पाढे म्हटले, एकोणतीसचा पाढा अजून येतो!

हे यंत्र काय पाहते ते नागपूरच्या डॉक्टरांनी मला सांगितले, आणि मी ते माझ्या भाषेत आमच्या मातीच्या घरावरून समजून घेतले. भिंतीचे दोन आजार असतात, ओल आणि भेग. ओल म्हणजे सूज, स्नायूत साठलेले पाणी. एमआरआय शरीरातल्या पाण्याच्याच अणूंवर चालतो, म्हणून त्याला ओल छान दिसते. भेग म्हणजे मेलेल्या स्नायूचा वण. गॅडोलिनियम निरोगी स्नायूतून लवकर निघून जाते, वणात मात्र रेंगाळते, म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी फोटो काढला की वण पांढरा चमकतो. ही युक्ती २००० सालच्या सुमारास पक्की झाली. आणि खरी गंमत पुढे आहे. रक्तवाहिनी तुंबून हार्ट अटॅक आला असेल तर वण भिंतीच्या आतल्या अंगाने सुरू होतो. विषाणूच्या सुजेचा असेल तर बहुधा बाहेरच्या अंगाला, नाहीतर मध्येच. घरात पाणी आतून मुरले की बाहेरून, हे गवंडी डागाच्या जागेवरून सांगतो, तसेच. यासाठी डॉक्टरांनी २००९ मध्ये नियम ठरवले, त्यांना कॅनडातल्या एका तळ्याकाठच्या गावावरून ‘लेक लुईस निकष’ म्हणतात. २०१८ मध्ये ते सुधारले. पूर्वी खात्री करायची तर नळी घालून हृदयाचा तुकडा काढावा लागे. जपानी डॉक्टरांनी १९६२ मध्ये ती पद्धत काढली. वाचूनच अंगावर काटा आला.

माझ्या भिंतीत ओल नव्हती. बाहेरच्या अंगाला, डाव्या बाजूला, नखाएवढी पांढरी रेघ होती.

इथे एक थांबून सांगायला हवे, नाहीतर नात्यातले निम्मे लोक उद्या एमआरआयच्या रांगेत जातील. जुलै २०२० मध्ये जर्मनीत फ्रँकफुर्टच्या डॉक्टरांनी कोरोनातून उठलेल्या १०० जणांचा एमआरआय केला, त्यांतले ६७ घरीच बरे झालेले, आणि ७८ जणांच्या हृदयात काहीतरी वेगळे सापडले. जगभर घबराट झाली. पुढे त्या लेखातल्या आकडेमोडीतल्या चुका निघाल्या, त्यांनी त्या दुरुस्त केल्या, मुख्य निष्कर्ष कायम ठेवला. मग लंडनमध्ये १४९ आरोग्य कर्मचाऱ्यांना तपासले. ७४ जणांना सौम्य कोरोना होऊन सहा महिने झालेले, ७५ जणांना झालेलाच नाही. दोन्ही गटांच्या हृदयात फरक सापडला नाही! मला हा लंडनचा प्रयोग जास्त शहाणपणाचा वाटतो. ज्यांना आजार झाला नाही त्यांच्याशीही ताडून पाहिल्याशिवाय ‘वेगळे’ म्हणायचे कशाला? फ्रँकफुर्टकरांनीही काम सोडले नाही, २०२२ मध्ये ३४६ जणांचा अभ्यास छापला. त्यात ७३ टक्क्यांना हृदयाच्या तक्रारी होत्या आणि जवळपास वर्षाने पुन्हा पाहिले तेव्हा ५७ टक्क्यांच्या राहिल्या होत्या. तक्रारी खऱ्या, पण प्रत्येक तक्रारीमागे मोडलेले हृदय नाही. म्हणून २०२२ च्या अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या सल्ल्यात क्रम आहे: तक्रार असेल तर आधी कार्डिओग्राम, ट्रोपोनिनची रक्ततपासणी आणि इको, त्यात काही निघाले तरच पुढे एमआरआय. आपल्या भागात तो क्रम पैशाच्या हिशेबानेही बरा. इको यवतमाळला होतो, हृदयाच्या एमआरआयला नागपूर गाठावे लागते, आणि कापूस विकून झालेला नसेल तर जायचे तरी कसे?

नागपूरला दुसऱ्या खेपेस गेले तेव्हा दादाची फिल्म पिशवीत घेऊन गेले होते. मुलगा रागावला, “आई, हे काय नेतेस?” डॉक्टर मात्र रागावले नाहीत. तरुण होते, त्यांनी फिल्म खिडकीशी धरली, बराच वेळ पाहिली. म्हणाले, “हृदय खूपच वाढलेलं आहे. पण यावरून स्नायू की झडप, ते मी सांगू शकत नाही. आज कोणीच सांगू शकणार नाही.” मी विचारले, मग माझी ती रेघ कोरोनाची ना? ते जरा थांबले. “बाई, वणावर तारीख छापलेली नसते. ओल असती तर ताजं म्हटलं असतं. नुसता वण आहे. कोरोनाचा असेल, आधीच्या एखाद्या तापाचाही असेल. तुम्हाला आधी असा काही मोठा ताप आला होता का?”

मी त्यांना १९६५ सांगितले. दादा आला, आणि पंधरवड्यात मला ताप आला. एकाच ओट्यावर झोपायचो, तेच डास. मी उठले, शाळेत गेले, पहिली आले. कदाचित ही रेघ छप्पन वर्षे माझ्याबरोबर आहे. तोच ताप त्याच्या हृदयात खोल शिरला आणि माझ्या हृदयाला नुसता ओरखडा काढून गेला, असेही असेल. किंवा दादाचा सांधेवात आणि माझा कोरोना, एकमेकांशी काही संबंध नाही, असेही असेल. डॉक्टर म्हणाले, दोन्हीपैकी काहीही सिद्ध करता येणार नाही. घरी येऊन मी सीडी त्या पाकिटात टाकली.

माझा पुढच्या वर्षीचा इको ५५ निघाला. एक गोळी अजून चालू आहे, बादली अजून कोणी उचलू देत नाही.

२०२४ च्या पावसाळ्यात धाकट्या भावाचा नातू नागपूरहून चिकनगुन्या घेऊन घरी आला. तिथे कॉलेजात आहे. ताप गेला, पण महिना झाला तरी धडधड आणि थकवा. त्याची आई त्याला खाटेवरून उतरू देईना, आजोबा म्हणाले मोबाइल काढून घ्या म्हणजे बरा होईल. मी दोघांनाही गप्प केले आणि त्याला यवतमाळला पाठवले. कार्डिओग्राम ठीक, ट्रोपोनिन ठीक, इको ६२. डॉक्टरांनी सांगितले, हृदय शाबूत आहे, आता पडून राहू नकोस, रोज थोडे चाल, दर आठवड्याला थोडे वाढव. पहिल्या दिवशी तो शेजारच्या घरापर्यंत जाऊन परतला आणि ओट्यावर बसला. मी त्याला काही वाचून दाखवले नाही, लिंबाचे सरबत दिले. दिवाळीपर्यंत वाघाडी नदीपर्यंत जाऊन येऊ लागला.